दुर्बिणीवरचं फडकं

मी दुर्बिणीवरून डोळा काढला, तशी काकूंनी डोळा लावायची काच ओल्या फडक्यानं पुसली. मग स्वतः वाकून पाहिलं. म्हणाल्या, "अगंबाई, सूर्यावरचे डाग लई मोठे हायत की!"

दुर्बीण माझी. माझ्या पगारातली. सात रस्त्याजवळच्या त्यांच्या गच्चीवर मीच ती उचलून आणली होती. मी दवाखान्यात एक्स-रे काढते आणि सुट्टीच्या दिवशी सूर्याचे फोटो. काकूंच्या गच्चीवर जमणाऱ्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपला ते आवडले, म्हणून सूर्यडाग दाखवायला बोलावणं आलं. या लोकांत बसायची मला फार हौस होती.

वर येतानाच जिन्यात सरांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानं, आडनाव विचारलं होतं. त्यावरून काही कळेना, तेव्हा राहायला कुठं ते विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं. "असं होय," म्हणाले.

काकूंमागून एकेकानं डोळा लावला. कुणामागून कुणी पुसलं नाही. मधे फोकस करायला मी डोळा लावला, की फडकं हजर. दवाखान्यात दिवसभर मी पुसापुशीच करते. स्वच्छता मला शिकवू नका. शिसारी आली. त्या फडक्याची, काकूंच्या गोड हसण्याची आणि पहिल्या वेळी गप्प बसलेल्या माझीही.

मग सर जवळ आले. हळूच म्हणाले, "फिल्टर काढून प्रतिमा कागदावर पाडा की. उभ्या उभ्या दिसेल सगळ्यांना. डोळा लावायलाच नको. आणि फोटो तेवढे ग्रुपवर टाका, तुमचे फोटो झकास असतात."

कागदावर सूर्य पाडणं चांगलंच. शाळेतल्या पोरांना मी तसाच दाखवते. पण इथं तो कागद कशासाठी हवा होता, ते मला कळलं. माझा फोटो चालतो. माझा डोळा चालत नाही. थू!

मी दुर्बिणीला टोपण लावलं.

"अहो, आमचं बघायचं राहिलंय की," रांगेतला एकजण म्हणाला.

"मग काकूंना फडकं खाली ठेवायला सांगा."

कुणी सांगितलं नाही. आकाश बघणारी माणसं सगळी, फरशीकडे बघत उभी राहिली. मी दुर्बीण खांद्यावर घेतली आणि जिना उतरले.

आता मी आमच्या वस्तीच्या चौकात दुर्बीण लावते. कुणीही यावं. सर, काकू आले तरी अडवणार नाही. पण आधी मी बघणार. मग त्याच काचेला, न पुसता, त्यांनी डोळा लावायचा. जमत नसेल तर घरी जावं.