चौसष्ट पायांची गोम

जुनी लिफ्ट भंगारात निघाली तेव्हा लिफ्टवाल्यांनी, म्हणजे जन्मभर लिफ्टच दुरुस्त करत आलेल्या त्या गृहस्थांनी, तिचा मेंदू तेवढा मागून घेतला. काळी, लांबट चिप, दोन्ही बाजूंना मिळून चौसष्ट पाय. बायकोने बघताक्षणी नाव ठेवलं, गोम.

या जातीची चिप आता शोधून सापडत नाही. लेकीच्या लहानपणी घरात एक कॉम्प्युटर होता, तो असल्याच मेंदूवर चालायचा. तो कधीच गंजून गेला, पण त्याच्या खेळाचं एक कार्ट्रिज, खेळ साठवलेली डबी, ड्रॉवरमध्ये तळाशी पडून होतं. लिफ्टवाले निवृत्त झाले आणि त्यांच्या मनाने घेतलं: गोमेभोवती कॉम्प्युटर आपल्या हाताने बांधायचा, असा की तो जुना खेळ त्यावर जसाच्या तसा चालला पाहिजे.

गोमेचा स्वभाव जगावेगळा. बाकीचे मेंदू हातातले आकडे स्वतःजवळ ठेवतात. ही सगळं बाहेरच्या मेमरीत ठेवते आणि लागेल तेव्हा तिथून मागते.

"म्हणजे तुमच्यासारखीच," बायको म्हणाली. "चष्मा कुठे, किल्ली कुठे, गोळी घेतली का, सगळं मलाच विचारायचं."

जेवणाचं टेबल तारांनी भरलं. दोघं ओट्याशी उभ्याउभ्या जेवू लागले. वीज दिली की गोम कोमट व्हायची. पडदा मात्र काळा तो काळाच. त्यांनी सांधा न् सांधा तपासला. मग एका शंकेने मनात घर केलं: लिफ्टमधून उपसताना सोल्डरिंगची उष्णता जास्त लागली असेल. आपल्याच हाताने ती मेली असेल. आणि दुसरी तर मिळायची नाही.

त्यातच एका सकाळी बाथरूमचा नळ बंद होईना.

"गच्चीवर जाऊन आपला व्हॉल्व्ह फिरवून या," बायको म्हणाली.

टाकीखाली व्हॉल्व्हची रांग, प्रत्येकावर रंगाने आकडा. यांचं घर पहिल्या मजल्यावर. लिफ्टवाल्यांनी एक नंबर बंद केला आणि जिना उतरू लागले, तोच सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्याचं दार फटीएवढं उघडलं. आत हेडमास्तर, डोक्यावर फेस.

"अहो लिफ्टवाले! डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!"

"एक नंबर आमचा ना?"

"पाणी वरून येतं, म्हणून प्लंबरने वरून मोजलंय. जन्म लिफ्टमध्ये गेला तुमचा, आणि वर-खाली कळेना?"

लिफ्टवाले परत वर गेले, एक उघडला, चार बंद केला आणि व्हॉल्व्हवर हात ठेवून तसेच उभे राहिले. लिफ्टमध्ये मोजणी खालून. पण गोम घडवणारा माणूस मोजताना कुठल्या टोकाला उभा होता? तिच्याकडे आकडे नेणाऱ्या शून्य ते पंधरा अशा सोळा तारा आपण जोडल्या त्या शून्य म्हणजे एककाची, सर्वांत लहान किमतीची तार असं धरून. हे आपल्याला सांगितलं कोणी?

खाली येऊन त्यांनी गोमेच्या पायांचा नकाशा भिंगाखाली धरला. शून्याची तार सर्वांत मोठ्या किमतीची होती. म्हणजे कार्ट्रिजमधला प्रत्येक आकडा इतके दिवस तिच्यापर्यंत शेपटाकडून पोचत होता.

सोळाही तारा उलट्या क्रमाने लावायला दुपार झाली. बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथेच थबकलं. आता चुकीचं खापर फोडायला दुसरं काही उरलं नव्हतं. पडदा आताही काळा राहिला, तर तिला मारणारे आपणच.

दाबलं.

पडदा निळा झाला. मग एकेक अक्षर उमटलं, सावकाश, कित्येक वर्षांच्या झोपेतून उठून विचारावं तसं: किती खेळाडू?

बायकोने पदराला हात पुसले, तारांखालून एक खुर्ची ओढून घेतली.

"दोन लिहा," ती म्हणाली. "आणि पहिला डाव माझा."