झेंडूच्या माळेतली प्रेस

मी विद्यापीठात नेमकं काय शिकते, हे आमच्या पिंपळे गुरवच्या बिल्डिंगमध्ये पहिली दोन वर्षं कुणालाच धड सांगता आलं नाही. आई "कॉम्प्युटरचं करतीय" एवढ्यावर भागवायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा खोदून खोदून विचारलंच. गेम बनवायला शिकते म्हटल्यावर जिन्यातच हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "आमचा नातू दिवसभर तेच करतो, त्याला नाही कुणी डिग्री देत!" आईला हसू आलं, मला राग आला. तेव्हा मला बहुतेक सगळ्याच गोष्टींचा राग यायचा.

पप्पांनी मात्र कधी काही विचारलं नाही. ते चाकणला एका कंपनीत प्रेस ऑपरेटर होते. लग्नाआधी लातूरकडून इकडे आले, आणि तेव्हापासून गाड्यांचे पत्रे प्रेसखाली दाबत होते. फर्स्ट शिफ्ट असली की मी उठायच्या आत कंपनीच्या बसमध्ये बसलेले, सेकंड असली की मी कॉलेजातून यायच्या आत गेलेले. घरी असले की झोपलेले, नाहीतर टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेले, कारण त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. कामाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय असतंय त्यात. पत्रा ठिवायचा, दाबायचा, काढायचा." एवढ्यात विषय संपायचा.

त्यांची कामाची जागा मी बघितली ती फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी कंपनी घरच्यांना आत सोडायची. मी नवा ड्रेस घालून, आईचं बोट धरून प्रेस शॉपमध्ये जायचे. फरशी धुऊन लख्ख केलेली असायची. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, हळदीकुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ. पप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, केसांना तेल लावून आमच्याआधी पोचलेले असायचे. गर्दीतून आम्हाला त्यांच्या प्रेसपाशी न्यायचे आणि तिच्या हिरव्या अंगावर थाप मारून म्हणायचे, "ही माझी." मग फोटो काढायचा, पेढ्याचा पुडा घ्यायचा आणि घरी यायचं. लहानपणी मला वाटायचं, माझ्या पप्पांइतकं छान ऑफिस कुणाचंच नाही.

शेवटच्या वर्षाला एक पूर्ण गेम करायचा होता. सर म्हणाले, "तुम्हाला आतून माहीत असलेली जागा घ्या." वर्गात कुणी परग्रह घेतला, कुणी भुतांचं हॉस्पिटल. मी हात वर करून सांगितलं, चाकणचा प्रेस शॉप. मान जरा जास्तच ताठ होती माझी तेव्हा. चार महिने खपले. खंडेनवमीचे सगळे जुने फोटो काढून त्यावरून प्रेस उभी केली, तिचा हिरवा रंग जुळवला, फरशीवरचे पिवळे पट्टे मोजून मारले. खेळणाऱ्यानं पत्रा उचलून प्रेसमध्ये ठेवायचा, कळ दाबायची, तयार भाग काढायचा, एवढाच खेळ. पहिल्यांदा दाखवायची वेळ आली तेव्हा सर हेडफोन लावून माझ्या त्या शॉपमध्ये बराच वेळ हिंडले. मग हेडफोन काढून त्यांनी विचारलं, "सगळ्या मशीनना हार का आहेत?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. चार महिन्यांत मला ते दिसलंच नव्हतं. ओळीनं सगळ्या मशीनना झेंडूच्या माळा, फरशी आरशासारखी, कुठं तेलाचा डाग नाही, कामाचा माणूस नाही. माझ्या कारखान्यात बारा महिने खंडेनवमी होती. वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते म्हणाले, "आणि ही चालते तेव्हा आवाज कसा येतो?" ज्या मशीननं आम्हाला इतकी वर्षं जेवू घातलं, ती मी एकदाही चालताना पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मला पप्पांना काम करताना बघायचं होतं. गेमसाठी असं मी सगळ्यांना सांगत होते, पण खरं सांगायचं तर गेम हे निमित्त झालं होतं. पप्पांना म्हटलं, मला एकदा चालू शॉपमध्ये न्या. ते म्हणाले, "चालू मशिनीपशी बाहेरच्याला सोडत न्हाईत, माय." मी बाहेरची! कॉलेजचं पत्र दिलं, त्यावर नुसतं "बघू" असं उत्तर आलं. आणि ते बघणं चालू असतानाच कंपनीत बोर्डावर कागद लागला, की पप्पांची लाईन दुसऱ्या राज्यात हलणार आणि जुन्या लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. पप्पांकडे दीड महिना उरला होता.

पत्राचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी एका दुपारी कुणाला न सांगता चाकणला गेले. गेटवरचा वॉचमन भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुमचे वडील आतच हायेत. पण ताई, पास न्हाई तर आत सोडता येत न्हाई, माझी नोकरी जाईल." मी तासभर त्या खुर्चीवर बसले. कंपाउंडच्या आतून एक जड घरघर येत होती. शेजारच्या कंपन्यांचीही तिच्यात मिसळलेली, वर रस्त्यावरचे कंटेनर. त्यातला पप्पांच्या प्रेसचा आवाज कोणता ते मला काही केल्या वेगळं काढता येईना. भिंतीपलीकडे ते होते, काम करत होते, आणि मी ते बघू शकत नव्हते. रडू आलं ते वॉचमनला दिसू नये म्हणून मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पप्पा रिटायर झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ असं सगळं रीतसर झालं. पंधरा दिवसांनी मी त्यांना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, पुढ्यात माइक ठेवला आणि म्हटलं, तुमच्या प्रेसचा आवाज तोंडानं काढून दाखवा. आई ओट्याशी हसून हसून बेजार झाली. "येड लागलंय का तुला," असं पप्पा म्हणाले, पण मग त्यांनी डोळे मिटले आणि काढला. आधी घशातून एक खरखर, मग छातीतून "धाप्प", मग दातांमधून लांब "सुस्स". दोन्ही हात पुढे करून, हवेत तळवे दाबत दाबत ते आवाज काढत होते. मी त्यांच्या हातांकडे पाहिलंच नाही. मी लॅपटॉपवर आवाजाची रेषा नीट उमटते का, ते बघत होते.

गेमचं प्रदर्शन विद्यापीठाच्या हॉलमध्ये होतं, आळंदीच्या रस्त्याला. पप्पा तोच पांढरा शर्ट घालून आले आणि माझ्या टेबलामागे हाताची घडी घालून उभे राहिले. मी माळा काढल्या होत्या, फरशीवर तेल सांडलं होतं, आणि स्पीकरमधून पप्पांचं "धाप्प" येत होतं. बाहेरचे परीक्षक येऊन खेळायला बसले. हसतमुख, तरुण गृहस्थ. त्यांनी दहा-बारा पत्रे काढले. मग एक पत्रा तिरका बसला, तो सरळ करायला त्यांनी स्क्रीनवरचा हात प्रेसच्या आत घातला आणि तो आत असतानाच कळ दाबली.

"हात! हात काढ!"

आख्खा हॉल वळला. पप्पांनी एका हातानं परीक्षकांचा खांदा मागं ओढला होता आणि दुसऱ्या हातानं ते माझ्या टेबलाच्या उजव्या कडेवर जोरात थापा मारत होते, जिथं काहीच नव्हतं. स्क्रीनवर प्रेस खाली येऊन वर गेली. हात धड होता. हात चिरडण्याची सोय मी गेममध्ये केलीच नव्हती.

परीक्षक म्हणाले, "काका, गेम आहे हो." पप्पा भानावर आले. "सॉरी साहेब," म्हणाले, "सॉरी, सॉरी." त्यांचा पांढरा शर्ट पाठीवर घामानं चिकटला होता. मला त्या "सॉरी"चा फार राग आला.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मग म्हणाले, "तू एकच कळ ठिवलीस. तसं नसतंय. दोन बटणं असतेत, दोन हातांला. दोन्ही दाबली तरच ती खाली येती, म्हंजे हात आत ऱ्हात न्हाई. बंद करायचं लाल बटण उजव्या अंगाला." मी विचारलं, आधीपासून असंच होतं का? ते म्हणाले, "न्हाई. आदी पायानं चालवायचो. माझ्या शेजारी एक होता, जालन्याचा. लय हसवायचा." आणि मग ते सांगत सुटले. त्या जालन्याच्या माणसाचं, त्या दिवसाचं, तो दवाखान्यातून पुन्हा भेटायला आला तेव्हा सगळे त्याच्या हाताकडे न बघता कसे बोलले त्याचं. पत्रा कडेला किती धारदार असतो ते, उन्हाळ्यात शॉपमध्ये हातमोज्यांतून घाम कसा गळतो ते. सांगताना हातानं पत्रा ठेवत होते, काढत होते, पुढच्या सीटवरच्या बाईला धक्का लागत होता तरी त्यांना भान नव्हतं.

आता पप्पा गावी असतात. फोनवर विचारलं की परत तेच, "काय असतंय त्यात." मी बाणेरला एका स्टुडिओत दुसऱ्यांच्या गेममध्ये दारं-खिडक्या बसवते, आणि त्या बसमधला तो तास मला पुन्हा हवा असतो, दुसरं काही नको असतं.

त्या दिवशी आमचा स्टॉप आला. पप्पा बोलत होते. कंडक्टरनं दोनदा पिंपळे गुरव ओरडून सांगितलं, पण पप्पांना ते ऐकू गेलं नाही. मी ऐकलं, आणि बसून राहिले.