मामाजींनी नेलेली गाडी

लग्न होऊन अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हापासून मी शहर पाहिलं ते ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून. समोर कायम ह्यांची पाठ. स्कूटरचा आवाज असा की बोलायचं काही सुचलं तरी घरी पोचेपर्यंत थांबावं लागे, आणि घरी पोचल्यावर ते आठवत नसे. गाडगेनगरहून ते मला शाळेत सोडायचे. मी तिथे ऑफिसात काम करते. संध्याकाळी ते घ्यायला येत. गाडी शिकायची गरज मला कधी पडलीच नाही.

मग हे गेले. मुलगी तेव्हा पुण्याला नोकरीला लागली होती, दिवसकार्य आटोपून तीही परत गेली. घरात उरलो मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे.

मामाजींनी ऐंशी ओलांडली होती. नांदगावपेठच्या पुढे, तिवशाच्या रस्त्याला आमचं शेत होतं. वांगी, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. तो माल सायकलवर लादून ते पहाटे अमरावतीच्या बाजारात आणत. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, शेत विकलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. बोलणं मुळातच कमी, सुनेशी तर त्याहून कमी. मी ताट वाढायचे, ते जेवायचे आणि "झालं" म्हणून उठायचे. मुलगा गेल्यानंतर त्यांनी त्याचा विषय काढला नाही, मीही नाही. दोघं आपापल्या खोलीत दिवा लावून बसायचो.

स्कूटर मी अकोल्याच्या दिरांना देऊन टाकली होती. शाळेत ऑटोने जायचे. एकदा शाळेतल्या एका बाईंनी पायडलच्या बॅटरी गाडीबद्दल सांगितलं. दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, लायसन नको, पासिंग नको. बॅटरी संपली तर पायडल मारा अन् घरी जा." अकोल्यात शाळेला मी सायकलनेच जायचे, म्हणून हिंमत केली. दिसायला ती जाड सायकलच. स्कूटरच्या मानाने स्वस्त, म्हणून परवडली.

गल्लीत लोक हसले. "काकू, हे सायकल हाय का गाडी?"

"दोनी हाय," मी म्हटलं.

तिला आवाज नव्हता. मला वाटलं होतं ते सुख असेल. पण सिग्नलला बाजूच्या मोटारसायकलवरचे नवराबायको भाजी काय न्यायची यावर भांडत, त्यातला शब्द न् शब्द ऐकू यायचा. एकदा राजकमल चौकाकडे जाताना ओळखीचं कापडाचं दुकान बंद झालेलं दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हे दुकान पण गेलं." मोठ्याने. शेजारचा माणूस वळून म्हणाला, "मले काई म्हटलं का ताई?" मी मान हलवली आणि पुढे गेले. शाळेत पोचल्यावर बराच वेळ हातरुमाल डोळ्यांना लावून बसले.

मामाजींनी आधी गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका संध्याकाळी अंगणात येऊन पाहते तर ते तिच्यापाशी उकिडवे बसलेले. पायडल हाताने उलटं फिरवत होते, कान देऊन.

"चैन ढिली हाय," ते म्हणाले.

किती महिन्यांत आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी चैन आवळली, तेल दिलं. त्यानंतर गाडी पुसणं आणि मी आले की चार्जिंगला लावणं हे काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. मी विचारायचे, "मामाजी, लागली का चार्जिंगले?" ते म्हणायचे, "लागली." तेवढंच. पण संध्याकाळी घरी येताना आता कुणाचा तरी एक शब्द ठरलेला असे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. पलीकडच्या घरी पापड होते, मी सकाळीच हात लावायला गेले. परत आले तर दार सताड उघडं, अंगणात गाडी नाही, चार्जरची वायर लोंबकळत होती. खुंटीवरची टोपीही नव्हती.

मी रडतच शेजारी धावले. शेजारचे भाऊ मालवाहू ऑटो चालवतात, ते म्हणाले, "वहिनी, रडू नका. बसा."

विचारत विचारत रहाटगावपर्यंत आलो, तिथे उसाच्या रसवाल्याला विचारलं. "धोतरवाले बुढे बावा ना? गेले ना इथून. पायडल मारून राहिले होते. म्या म्हटलं बावा, थांबा, रस घ्या, तर हातानंच नाई म्हटलं."

म्हणजे अर्धवट चार्ज झालेली बॅटरी संपली होती. आणि ते नागपूरच्या, म्हणजे नांदगावपेठच्या रस्त्याला लागले होते. कुठे निघाले ते मला तेव्हा समजलं. बाजूने ट्रक सुसाट जात होते. प्रत्येक ट्रकच्या पुढे मी डोळे ताणून पाहत होते, आणि पाहायची भीतीही वाटत होती.

नांदगावपेठ मागे पडलं. आमच्या जुन्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीला गाडी टेकवलेली दिसली. नव्या मालकाने तिथे संत्र्याची झाडं लावली आहेत. मामाजी विहिरीच्या कठड्याला धरून उभे होते, सदरा पाठीला चिकटलेला.

"मामाजी! काहून आले तुमी इतक्या दूर? सांगून तरी याचं!"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "विहीर पाह्याले आलो," म्हणाले. "पाणी हाय अजून."

मी जवळ गेले. खूप खाली पाणी होतं, हिरवट. त्यात आमची दोघांची डोकी दिसत होती.

"त्याले इथंच पोहाले शिकवलं म्या," ते म्हणाले. "कमरीले दोर बांधून सोडला. असा बोंबलला, असा बोंबलला. त्याच्या मायनं मले शिव्या देल्ल्या. सांजच्याले वर निघाले तयार नाई लेकाचा."

मला हे माहीत नव्हतं. ह्यांना पोहता येतं हेसुद्धा माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही कधी पाण्याजवळ गेलोच नव्हतो.

"अजून सांगा ना, मामाजी," मी म्हटलं.

ते सांगायला लागले. नव्या मालकाच्या बायकोने तांब्याभर पाणी दिलं, गूळ दिला. भाऊंनी गाडी ऑटोत चढवली आणि आम्ही दोघं मागेच तिच्या बाजूला बसलो. घर येईपर्यंत ते बोलत होते. हे लहानपणी झेंडूच्या ढिगात झोपायचे. ह्यांना मुंगूस पाळायचं होतं. मी एकीकडे हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते. ह्यांच्याबद्दल बोलायला घरातच माणूस होता, आणि आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना बसून होतो.

पण ही गोष्ट दिरांच्या कानावर गेली. ते अकोल्याहून आले, चिडलेले. "वहिनी, तुमी शाळेत जाता. बाबांवर लक्ष कोण ठेवन? उद्या ट्रकखाली गेले तर?" ते खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, गाडीला कुलूप लावते, पण राहू द्या त्यांना. ते ऐकेनात. मामाजींना विचारलं तर ते म्हणाले, "पोरगा नेते तर जा लागते." पिशवीत दोन धोतरं घातली आणि निघाले.

अकोल्याला दिरांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. मी रविवारी कधीमधी एसटीने जाते. माझं माहेर त्याच शहरात होतं, आता तिथे कुणी नाही, म्हणून स्टँडवरून सरळ मामाजींकडेच जाते. घर भरलेलं असतं, टीव्ही चालू असतो, सगळ्यांसमोर ते पुन्हा "झालं"वर आलेले आहेत. निघताना दारापर्यंत येतात, तेवढंच.

मात्र हल्ली संध्याकाळी नातवाच्या फोनवरून ते मला फोन लावून घेतात. "जेवली का?" विचारतात. मी काय केलं होतं ते सांगते. "तिकडे पाणी आलं का?" "नाई आलं, मामाजी." मग दोघांकडचं बोलणं संपतं. फोन मात्र कुणी ठेवत नाही. त्यांचा श्वास ऐकू येतो, मागे टीव्ही ऐकू येतो, आणि मी स्वयंपाकघरात तशीच फोन कानाला धरून उभी राहते.