आपांचा आहेर

छत्रपती संभाजीनगरच्या तमाम आहेर देणाऱ्या, आहेर घेणाऱ्या आणि आहेर पलंगाखाली सरकवणाऱ्या नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, घेतलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव चिकटवणारी एक डॉक्टरीण या शहरात होऊन गेली. जाहीर करणारा मी. धंदा माइकचा. लग्नात "पाचोडचे मामा, यांच्याकडून पितळी हंडा एक!" असं जो ओरडतो तो मीच, आणि मोठ्या हॉटेलातल्या डॉक्टरांच्या परिषदेत "आता मी आदरपूर्वक आमंत्रित करतो" असं तुपाळ आवाजात म्हणतो, तोही मीच. घसा एक, दर दोन.

डॉ. रझिया इनामदार छावणीत मधुमेहाचा दवाखाना चालवायच्या. लहानथोर सगळे त्यांना आपा म्हणत. माझी साखर वाढली म्हणून पहिल्यांदा गेलो, तर टेबलावरच्या पेनला चिठ्ठी चिकटवलेली: "कंपनीनं दिलंय." कॅलेंडरला तशीच चिठ्ठी. वजनकाट्यालाही. मी विचारलं, "आपा, हे काय?"

"लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालतात की नाय? मग माझ्या भांड्यांनी काय गुन्हा केला? आता जीभ दाखवा, जिलेबी कालच खाल्लेली दिसतेय."

खाल्ली होती.

पुढं एका औषध कंपनीनं साखरेची नवी गोळी आपांच्या पेशंटांवर तपासायला दिली. मी बाकावर बसलो होतो, तेव्हा पाचोडच्या कोंडाबाई आत होत्या. दार उघडंच असायचं. आपांनी गोळीचे फायदे सांगितले, धोके सांगितले, आणि म्हणाल्या, "अन् कोंडाबाई, तुमचं नाव लिहिलं की कंपनी मला तीन हजार देती. हे बी ऐकून घ्या."

"माझ्या डोक्याचे तीन हजार?"

"व्हय."

"आवं आपा, बाजारात शेळीला बी जादा येतात!"

"शेळीला विचारून विकतात का? मी विचारतेय."

कोंडाबाई खो खो हसल्या आणि मग सही केली. त्यांच्या आधीचे दोघं मात्र पैशाचं ऐकून उठून गेले होते. मी म्हटलं, "आपा, अशानं माणसं पळतील." त्या म्हणाल्या, "पळू द्या. कळून पळाले ना? न कळता बसले असते तर मला झोप आली नसती."

आता गोष्ट रंगायची तर गोळी विषारी निघायला हवी होती. माफ करा, गोळी चांगली निघाली. कंपनी खूश. तिनंच खर्च केलेल्या परिषदेत आपांचं भाषण ठरलं. शिवाय पुढचं संशोधनही आपांकडेच, आणि त्यासोबत दवाखान्याला डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा. या कॅमेऱ्यासाठी आपांचा जीव तुटत होता. त्यांच्या अब्बांची नजर साखरेनंच गेली होती, वेळेवर कुणी डोळे तपासले नव्हते म्हणून.

अशा परिषदेत, कुणाकडून काय घेतलं हे प्रत्येक डॉक्टरनं भाषणाआधी पडद्यावर दाखवायचं, असा नियम आहे. नियम कडक पाळतात. पाटी येते आणि माशी उडावी तशी उडून जाते.

चहाच्या वेळी आपा माझ्याकडं आल्या. हातात घडी घातलेला कागद. "माइकवाले भाऊ, माझ्या आधी हे वाचायचं. मराठीत. लग्नात आहेर वाचता ना, तस्संच."

कंपनीचे साहेब शेजारीच उभे होते. हे ऐकून त्यांची बिस्किटं चहात पडली. "मॅडम, पाटी आहेच की! दोन सेकंद, विषय संपला. आणि कॅमेऱ्याची फाईल माझ्या टेबलावर आहे, हे लक्षात असू द्या."

"लक्षात आहे म्हणूनच लिहिलंय." आपा हसल्या. "गोळी चांगली आहे साहेब, मी तेच सांगणार. पण ज्याच्या ताटात जेवलो, त्याचं नाव घेऊन ढेकर द्यावा. कायकू लाजायचं?"

मग काय! मी व्यासपीठावर गेलो, घसा खाकरला आणि लग्नाचा आवाज लावला. "डॉक्टर रझिया इनामदार यांना औषध कंपनीकडून आलेला आहेर! पेशंटमागे रुपये तीन हजार! कंपनीच्या बैठकीला जायचं विमानाचं तिकीट एक! वजनकाटा एक! पेनं, मोजली नाहीत!" सभागृहात आधी हशा, मग कुजबुज. "आणि कबूल केलेला, अद्याप न आलेला, डोळ्यांचा कॅमेरा एक!" साहेब उठून उभे राहिले. कागदावर शेवटची ओळ उरली होती. ती मात्र मी तुपाळ आवाजात उरकली: "आहेर वाचणाऱ्यास, भिंतीवरचं घड्याळ एक." कंपनीनं मला दिलेलं, माझ्या पिशवीतून डोकावणारं घड्याळ आपांनी चहाच्या आधीच हेरलं होतं!

कॅमेरा आला नाही. पुढचं संशोधनही नाही. परिषदेचं बोलावणं पुन्हा आलं नाही, त्यांना नाही आणि मलाही नाही. त्यानंतर दर गुरुवारी आपा तीन-चार पेशंट रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात न्यायच्या आणि डोळ्यांच्या रांगेत स्वतः उभ्या राहायच्या. एकदा मी विचारलं, "पस्तावा होतो का आपा?"

"कॅमेऱ्याचा अफसोस रोज होतो, भाऊ. रांग लई लांब आहे. आहेर वाचायला लावल्याचा? नक्को, ते विचारूच नका." मग माझ्याकडं बघून, "घड्याळ चालतंय ना?"

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. दवाखान्यातल्या वजनकाट्यावरची चिठ्ठी अजून तशीच आहे. घड्याळ माझ्या भिंतीवर आहे. त्यालाही आता चिठ्ठी आहे.

पण परिषदेच्या त्या दुपारचं एक राहिलंच. आपांनी कोंडाबाईंना मुद्दाम परिषदेला आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. "साखर तिची, तर ऐकायचा मान बी तिचाच." आपांचं भाषण झालं. मग बाहेरगावचे एक फार मोठे डॉक्टर आले. त्यांच्या मागं पडद्यावर इंग्रजी पाटी आली, गेली, आणि त्यांनी थेट भाषणाला तोंड फोडलं. कोंडाबाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या माइककडं पाहिलं. लग्नघरात मानाचा पाहुणा विसरला गेला की बायका कळवळतात, तशा त्या कळवळल्या आणि भर सभागृहात ओरडल्या:

"आवं माइकवाले, या सायबांचा आहेर वाचायचा राहिला की!"