भिजवलेल्या मनुका

त्या शुक्रवारी देवावरचा माझा विश्वास डळमळायला एक बाटली पुरली.

आम्ही रोह्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्यास्ताला आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो आणि घरचा पुरुष पेला हातात घेऊन आशीर्वाद म्हणतो. इतर देशांत त्या पेल्यात वाइन असते. कोकणात मात्र आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मनुका भिजवून, पिळून सरबत करतात.

माझा धाकटा भाऊ दानियल डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर आहे. शिफ्ट सुटली की तो वाटेत वडखळच्या बारपाशी उतरायचा आणि पिऊनच घरी यायचा. औषधे झाली, शपथा झाल्या. अखेर मी आमच्या प्रेषिताला, एलियाहू नबीला, गोड पोह्यांच्या मलिद्याचा नवस बोलले आणि त्याची दारू सुटली. एक घोटसुद्धा पुन्हा नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. रविवारी नवस फेडायचा होता.

त्यासाठीच इस्रायलहून आलेल्या मोझेसदादाला, आमच्या आतेभावाला, हे सगळे ठाऊक होते. तरी त्याने सरबत आत पाठवले आणि सोबत आणलेल्या बाटलीतली वाइन दानियलच्या पेल्यात ओतली.

"मनुकांचं पाणी कसलं देतेस? हा धर्म हाय, दारू नाय."

"दादा, त्याला चालत नाय."

"एका घोटानं कोण मरतंय गो? तू काय त्याची आय हायस?"

दानियलने पेला उचलला. वडील हिब्रूतले जुने शहाणपण मराठीत सांगायचे: पेल्यातल्या लाल रंगाला भुलू नका, नगर जिंकणाऱ्यापेक्षा स्वतःला आवरणारा मोठा. ते मोझेसदादाला ठणकावून सांगायचे होते, पण पेला आता दानियलच्या हातात होता. मनात इतकेच आले, देवा, दारू सोडवलीस ती यासाठीच? माझ्या हातात आता काही नाही, तूच बघ.

"बाय, पाणी मिळंल का? इंजिन तापलंय."

दारात जोह्याहून गणपतीच्या मूर्ती घेऊन निघालेला टेम्पोवाला उभा होता. दानियलने न पिताच पेला खाली ठेवला, आत जाऊन त्याला कळशी भरून दिली. पुन्हा आत गेला आणि बाहेर आला तो सरबत घेऊन.

"दादा, तुझा पेला तुला. मी ह्याच्यावर म्हणतो."

त्याने आशीर्वाद म्हटला. एकही शब्द चुकला नाही.

एलियाहू नबी अनोळखी माणसाच्या रूपाने येतो, असे आमच्यात मानतात. तो टेम्पोवाला नबी होता असे मी म्हणत नाही. त्याच्या शर्टावर मूर्तींचा रंग होता आणि रिकामी कळशी ओट्यावर ठेवून तो निघून गेला. रविवारी मी मलिदा केला. पहिला वाटा त्या पाणी मागणाऱ्याच्या नावाने काढला.

मोझेसदादावरचा राग अजून गेलेला नाही. दर शुक्रवारी मनुका भिजवताना तो उसळतो आणि मी तो देवाच्या हवाली करते. पुढच्या शुक्रवारी राग पुन्हा तिथेच असतो. दानियललाही वडखळ रोज नव्याने ओलांडावे लागते.