ओढ्यापलीकडच्या चढावर
आधीच सांगतो, या ग्रुपवरचे किस्से वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. महाडला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काम करतो. जे मोजता येत नाही ते मानत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि माझ्या गाडीवर तर अजिबातच नव्हता.

एकोणीस वर्षांची पेट्रोल व्हॅन. स्टार्टर दोनदा बदलला, दोन्ही वेळा महिन्याभरात बसला. मागची काच फुटल्यापासून तिथे प्लायवूड. उजवा आरसा चिकटपट्टीने धरलेला, त्यात फक्त आभाळ दिसतं. मेकॅनिक मला बघितल्यावर नमस्कारही करत नाही, "आज काय?" एवढंच विचारतो. बायको म्हणते, यापेक्षा सवत परवडली.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. अकरा घरं, त्यातली आठ फक्त गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. माणसं सगळी मुंबईला. घरासमोरूनच उतार सुरू होतो, म्हणून गाडी कायम नाक खाली करून, चाकाला दगड लावून ठेवायची. दगड काढायचा, गाडीने वेग घेतला की सेकंड गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन धरतं. उतार संपला की ओढा, आणि पुढे डांबरी रस्त्यापर्यंत चांगलाच चढ. म्हणजे ओढ्याच्या आत इंजिन धरलं नाही तर खेळ खलास.

गेल्या ऑक्टोबरमधला रविवार. बायको-मुलं महाडला, मी एकटाच आईकडे आलो होतो. दुपारी गवत कापताना आईच्या हाताला फुरसं चावलं; या सापाच्या विषाने रक्त गोठत नाही. मोबाइलला रेंज नाही. वाडीत आमच्याशिवाय दोनच माणसं — खाटेवरून न उठणारे धोंडूआजोबा आणि शेजारच्या सत्तरीच्या पारूकाकू. काकूंच्या मदतीने आईला मागच्या सीटवर निजवलं. काकूंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"हात हलवू नको गो," त्या तिला सांगत होत्या.

दगड काढला. क्लच सोडला — एक आचका, आणि गप्प. पुन्हा सोडला... गप्प. तिसऱ्यांदाही तेच. ओढ्यावरचा फरशी-पूल ओलांडून गाडी चढाला लागली आणि मंदावली. मी न्यूट्रल केली, निदान आहे त्या वेगावर जाईल तेवढी जाऊ दे.

"हिच्या तोंडातनं रगत यायला लागलं रे!" काकू ओरडल्या.

आईला पाठीवर घेऊन किती धावता येईल याचा हिशोब करत होतो आणि तो कुठेच बसत नव्हता. गाडी पूर्ण थांबली. मी हँडब्रेककडे हात नेला...

आणि मागून धक्का लागला.

धक्का म्हणजे काय ते मला सांगू नका. या गाडीपायी निम्म्या तालुक्याने मला धक्का दिलाय. एकटा माणूस ढकलतो तेव्हा गाडी हिसके देते. पाच-सहा जण लागले की पाठ सीटला टेकते आणि गाडी सलग सरकते. तशी ती सरकली — चढावर, इंजिन बंद असताना! प्लायवूडवर तळहात आपटले. खडीवर पाय घसरल्याचा आवाज आला. मुंबईहून कोणी पोरं आली असतील असं वाटून मी ओरडलो, "जोर लावा रे!" फक्त धापा ऐकू येत होत्या.

डांबरी रस्ता लागला. तिथून खाली उतार. सेकंड टाकला, क्लच सोडला, इंजिनाने धरलं. थांबलो असतो तर ते पुन्हा बंद पडलं असतं, म्हणून नुसता हॉर्न दिला आणि सुटलो.

पोलादपूरला पहिली इंजेक्शनं, मग महाड. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर बसल्यावर काकूंना विचारलं, "मागे कोण होतं?"

"मागं? गाडी तुझी चालूच हाय असं वाटलं मला. मी हिच्या तोंडाकडं बघत व्हते रे."

नंतर मुंबईला आठही घरांत फोन लावले. त्या दिवशी कोणीच आलेलं नव्हतं. तो रस्ता फक्त आमच्याच वाडीचा, दुसरं कोण येणार? उतारच चढासारखा दिसत नाही ना, म्हणून गवंडी पातळी बघायला वापरतात ती पाण्याची नळी नेऊन चढही मोजला. चढ खराच. त्याच जागी गाडी न्यूट्रलला सोडून बघितली, ती सरळ मागे ओढ्याकडे निघाली.

तिसऱ्या दिवशी आई नीट शुद्धीवर आली. पाणी प्यायली आणि पहिलं काय विचारलं असेल? "ढकलणाऱ्यांना चहा पाजलास का?"

आमच्याकडे गाडीला धक्का देणाऱ्याला चहाशिवाय सोडत नाहीत.

"कोणाला ग?"

"सहा जणं व्हती. लय दमली बिचारी."

"पण कोण होती?"

आई नाराज झाली. "दमल्या माणसाला आधी कोण म्हणून इचारतात काय रे? आधी चहा देतात."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, मलाही काढू दिला नाही.

ती घरी आल्यावर एका सकाळी थर्मास भरून त्या चढावर गेलो. कोणी बघत नाही ना, याची दोनदा खात्री केली. लाज वाटत होती. बांधावर सहा कप मांडले, भरले आणि बाजूला बसलो. चहा गार झाला, वर साय धरली. कोणी आलं नाही. काय घडलं होतं ते मला आजही सांगता येत नाही. पण तिथून उठताना रिकाम्या रस्त्याकडे बघून मी मोठ्याने म्हणालो, "आई जेवायला लागली, बरं का." आणि मला रडू आलं.