लिंबाखालचं अंगण

अन्याय माझ्या आईवर झाला. कधी, तर गेल्या चैत्रातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेसात वाजता. कुठं, तर लातुरात, मुलींच्या एका खाजगी वसतिगृहाच्या अंगणात, डॉक्टर व्हायला आलेल्या शे-दीडशे पोरींच्या देखत. नावं लिहीत नाही. ज्यांनी केलं त्यांना कळेल.

आई तिथं झाडलोट करते. वीस वर्षं तिच्याकडं एकच काम होतं, अंगण. अंगणाच्या मधोमध कडुलिंब आहे, दोन बायांच्या कवेत मावणार नाही एवढा. पोरी उठायच्या आत आई सगळं अंगण झाडून काढायची आणि मग लिंबाच्या बुडाशी पाच मिनिटं नुसती बसायची. दुपारी कामावरच्या सगळ्या बाया तिथंच डबे सोडून जेवायच्या. संध्याकाळी घरी आली की चहाचं पातेलं ठेवता ठेवता ती दिवसभरात काय दिसलं ते सांगायची. खारीनं झाडूवरून उडी मारली. कावळ्यानं तारेचा तुकडा नेला. हे सांगणं मी लहानपणापासून ऐकत आले आणि मोठी झाल्यावर मला त्याचा राग यायला लागला. ज्या बाईला बसून जेवायला चार भिंती नाहीत, ती खारीचं कौतुक करते! याच कौतुकावर मालक लोक माजतात, असं माझं मत होतं. मी नांदेडला कंत्राटी कामगारांच्या एका छोट्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते. पत्रकात खार बसत नाही.

मागच्या दिवाळीनंतर वसतिगृहात एक व्याख्याते सर आले. गळ्यात उपरणं, हातात माईक. जे नाही ते मोजू नका, जे आहे त्याचे रोज आभार माना, निसर्गाकडं बघा, मन प्रसन्न राहील, मार्क वाढतील. मालकांना ते इतकं पटलं की पुढच्याच आठवड्यापासून रोज सकाळी अंगणात कृतज्ञतेचा तास सुरू झाला. कृतज्ञतेत लहानमोठं कुणी नसतं म्हणून झाडणाऱ्या आणि सैपाकाच्या बायांनाही वह्या वाटल्या. गुलाबी पुठ्ठा, वर सूर्यफुलाचं चित्र. रोजची एक ओळ, आठवड्याच्या सात. सोमवारी बायांपैकी एकीनं उभं राहून आपली ओळ म्हणायची. वही कोरी असली तर त्या सोमवारची हजेरी लागायची नाही.

आभार मानले नाहीत तर गैरहजर! वीस वर्षं माणसाला घासून घेतल्यावर एवढंच घ्यायचं राहिलं होतं.

आईला सही करता येते, वाचता येत नाही. म्हणून ती सातही ओळी आठवडाभर डोक्यात सांभाळायची आणि रविवारी मी नांदेडहून आले की वही माझ्यापुढं ठेवायची. "घे माय, लिही." मग डोळे मिटून सांगायची, सोमवारपासून क्रमानं. एकही वार चुकायचा नाही. तिचं माहेर उमरीचं, बोलणं अजून तिकडचंच.

त्या रविवारी दुपारी चार वाजता तिनं सांगितलेली पहिली ओळ मला तोंडपाठ आहे. "लिंबाला मोहोर आलाय. झाडून व्हतंय तवर आंगण पुना पांढरं होऊन राहिलं. तरी मला राग न्हाई आला." पुढं मंगळवारची होती, तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोरीची, जी जिन्यात रडत बसली होती आणि आईनं पाणी दिल्यावर तिला मावशी म्हणाली. मग टाकीच्या पाइपावरचा बुलबुल. मग उन्हात वाळत घातलेल्या चादरींचा वास.

मी ऐकत होते आणि लिहीत होते. पण ती सांगत होती ते मी लिहीत नव्हते.

मी लिहिलं: आम्हा आठ बायांना बसून जेवायला खोली नाही. आम्ही लिंबाखाली उघड्यावर जेवतो, पावसात जिन्याखाली जेवतो. आजारी पडलो तर सुट्टी नाही. आम्हाला वेगळा माठ आहे. ज्या दिवशी हे बदलेल त्या दिवशी आम्ही आभार मानू. सात वार, सात ओळी, माझ्या उत्तम पत्रकी अक्षरात. एकही शब्द खोटा नव्हता. फक्त आईचा नव्हता.

मला वाटलं होतं, वही कुणी वाचतच नसेल. सह्या बघून ढीग लावत असतील. आणि खरं सांगायचं तर असंही वाटलं होतं, वाचलीच तर बरं. भडका उडेल. त्या भडक्यात माझी आई उभी असेल, हे मात्र मी मनात येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेमका आईचा नंबर आला. पुढचं मला तिच्यासोबत काम करणाऱ्या सैपाकाच्या मावशीनं सांगितलं. आई उभी राहिली, पदर सावरला आणि लिंबाच्या मोहोराची ओळ म्हणाली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. रेक्टर म्याडमला ओळ इतकी आवडली की वहीच्या पानाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचं त्यांनी ठरवलं. वही उघडली.

मग मोठ्यानं वाचायला लागल्या. सातही ओळी.

"मावशी, तोंडात एक आणि वहीत एक? ही कसली कृतज्ञता?"

मागून कुणीतरी हसलं. आईला क्षणभर कळलंच नाही की हे आपल्या वहीत आहे. कळल्यावर ती म्हणाली, "माझ्या लेकीनं लिहिलंय म्याडम. ती खोटं न्हाई लिहीत."

"म्हणजे लिंबाचं खोटं?"

"ते बी खरं हाय. हे बी खरं हाय."

सहा वर्षांत मी जेवढी पत्रकं लिहिली त्यातल्या एकातही एवढं नेमकं वाक्य नाही. आणि ते ऐकायला मी तिथं नव्हते. मी नांदेडच्या बसमध्ये होते, मांडीवर प्रुफं घेऊन.

त्याच दिवशी दुपारी आईचं अंगण काढलं. तिला तिसऱ्या मजल्यावरचे संडास-बाथरूम दिले. अंगणात आता एक माणूस पाला उडवायचं मशीन घेऊन फिरतो. घर्रर्र करत मोहोर भिंतीकडं लोटतो. लिंबाभोवती साखळी लावली आहे, पाटीवर लिहिलंय, कृतज्ञता कट्टा, कर्मचाऱ्यांनी बसू नये. बायांचे डबे आता बारा महिने जिन्याखाली.

पुढच्या रविवारी मी आले ती पत्रकाचा मसुदा घेऊनच. रागानं लिहिलेला, चार मागण्या. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "वाच."

मी वाचला. खोली, माठ, सुट्टी, जाहीर माफी. वाचताना माझा आवाज चढला होता. तिनं मेथीची काडी मोडली आणि विचारलं, "ह्यात लिंब कुठाय?"

"आई, लिंब ही काय मागणी असते का?"

"कामून नसते?"

"लोक हसतील."

"मंग मला कामून इचारतीस? तुझं तू लिही. मागच्या टायमाला बी तूच लिहिलंस."

तेवढंच. ती ओरडली असती तर मी भांडले असते. मी वही काढली, म्हटलं, बरं, आता तू सांगशील तेच लिहिते, शब्दाला शब्द. सोमवारचं सांग. तिनं डोळे मिटले नाहीत. "काय सांगू? तिथल्या खिडकीची काच पांढरी हाय. भाईरचं काय बी दिसत न्हाई." मग म्हणाली, "फिनेलचा वास लिवतीस का?"

मी वही बंद केली.

त्याच्या पुढच्या रविवारी मी मूर्खपणा केला. बसमध्ये प्रुफं काढली नाहीत, खिडकीबाहेर बघत आले. सहा वर्षं त्या रस्त्यानं ये-जा करते, पण चाकूरच्या पुढं रस्त्याकडेला एवढी मोठी चिंच आहे हे मला माहीतच नव्हतं. तिच्यातून पोपटांचा थवा एकदम बाहेर पडला. शेजारच्या बाईला मी हात लावून दाखवलं, तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शहाणी नाही. घरी आल्यावर आईला सांगितलं. चिंच, पोपट, सगळं. तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं सरकवला.

"चांगलं हाय," म्हणाली. "पर मला सांगून काय करतीस? मला माझ्या डोळ्यानं बघाया लागतंय."

आता चहाचं पातेलं ठेवताना ती काही सांगत नाही. पाणी उकळल्याचा आवाज येतो. त्या सरांनी तिच्याकडून आभार मागितले, आणि ती जिथं बसून आभार मानत होती तीच जागा मालकांनी घेतली. पण त्यांच्या हातात हत्यार मी दिलं. मालकांना तिचं गाऱ्हाणं नको होतं, मला तिचा मोहोर नको होता. अर्धी बाई त्यांनी खोडली, अर्धी मी.

पत्रक मी पुन्हा लिहिलं. आई सांगत गेली, मी लिहीत गेले. पाच मागण्या झाल्या, पहिली लिंबाची. संघटनेतल्या एका दादानं ती वाचून विचारलंच, "हे काय कवितेचं काम आहे का?" मी म्हटलं, दादा, खोडून दाखव. त्यानं खोडली नाही. मालकांनी मात्र अजून पत्रक घेतलेलं नाही. फाटकावरच्या वॉचमनला सांगून ठेवलंय, त्या पोरीला आत सोडू नको.

मला सोडत नाहीत, पण तुम्हाला सोडतात. लातुरातल्या वसतिगृहात तुमची मुलगी असेल, सकाळी ग्रुपवर सूर्यफुलाच्या वहीचे फोटो येत असतील आणि त्यांना तुम्ही हात जोडत असाल, तर हे वाचून झाल्याबरोबर रेक्टरला फोन लावा. विचारा, तुमचं अंगण झाडणारी बाई कुठं बसून जेवते? झाडाखाली तिला बसू देता का? मोघम उत्तर मिळालं तर फोन ठेवू नका. साखळी काढा म्हणा. अंगण तिचं तिला परत द्या म्हणा, आणि दिलं की नाही ते रविवारी मुलीला भेटायला जाल तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.